आई-बाबांना मेसा व्हर्डेची कड्यातली घरं वरूनच दाखवावीत का?

तुम्ही विचारलंय की पासष्टी उलटलेल्या आई-बाबांना अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या मेसा व्हर्डे राष्ट्रीय उद्यानातल्या शिड्या जमतील का, की कड्यातली जुनी घरं वरूनच दाखवून आणावं. आधी त्यांना विचारा. मी विचारलं नव्हतं.

आम्ही गेलो तेव्हा आई 68 वर्षांची होती. क्लिफ पॅलेस, म्हणजे तिथल्या कड्यातल्या सगळ्यात मोठ्या वस्तीची, तिकिटं काढताना दादा म्हणाला, "तिला नाही झेपणार. आणि वेरूळ बघितलेल्या माणसाला यात काय नवीन?" मी गप्प बसले. आदल्या दिवशी संग्रहालयात मका दळायच्या दगडापाशी आई बराच वेळ थांबली होती. "हा तर पाटा-वरवंटाच!" दगडाची कच पिठात जाऊन त्या लोकांचे दात झिजायचे, हे मी वाचून दाखवलं. ती लगेच म्हणाली, "म्हणून तर टाकी लावली की पहिलं वाटण टाकून द्यायचं." दुसऱ्या दिवशी आम्ही सुमारे 150 खोल्यांच्या त्या गावात उतरलो आणि ती वर कठड्याशी उभी राहिली. माहेरी पायविहिरीतून दोन-दोन हंडे वर आणणाऱ्या बाईला दहा फुटांची शिडी झेपणार नाही, हे आम्ही परस्पर ठरवलं.

दादाची वेरूळशी तुलनाच चुकीची आहे. वेरूळला डोंगर कोरलाय. इथे पठारावर मका, घेवडा, भोपळा पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी कड्याच्या कपारीत दगड-मातीची घरं बांधली, साधारण 1190 ते 1280 दरम्यान. ते "एकाएकी गायब झाले" असं तो अजूनही सांगतो. कोणी गायब झालं नाही. 1276 पासून मोठा दुष्काळ पडला आणि 1300 पर्यंत लोक दक्षिणेकडे निघून गेले. होपी, झुनी, रिओ ग्रँडे नदीकाठचे प्वेब्लो हे आजचे मूळ अमेरिकी समाज त्यांचेच वंशज. 1972 च्या दुष्काळात गाव सोडलेल्या आमच्या आईला हे आमच्याआधी कळलं असतं.

बाकी, उद्यान 7000 फुटांच्या वर आहे, त्यामुळे दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा. बाल्कनी हाउस या तिथल्याच दुसऱ्या वस्तीला 32 फुटांची शिडी आहे आणि बोगद्यातून रांगावं लागतं, ते वगळा. स्टेप हाउस या तिसऱ्या वस्तीला शिड्यांशिवाय, आपलं आपण चालत जाता येतं. फक्त चढाची वाट आहे आणि ते ठरावीक महिन्यांतच उघडं असतं. क्लिफ पॅलेसची तिकिटं आधीच काढा.

आई आता 74 वर्षांची आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आता शिडी खरंच जमणार नाही.