वाळूत पसरलेलं पिवळं फूल सराट्याचं आहे का, हे कसं ओळखायचं?

कोरडी वाळूची जमीन, मातीला चिकटून चहूकडे पसरलेल्या फांद्या, पाच पिवळ्या पाकळ्या आणि दुपारी पुन्हा पाहिलं तर फूल गायब, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक हा सराटाच, म्हणजे लहान गोखरू (ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस). पण नुसत्या फुलावरून मी नक्की म्हणणार नाही. अशा जागी घोळीलाही पाच पाकळ्यांची पिवळी फुलं येतात.

आधी पानं बघा. घोळीचं पान साधं, मांसल आणि गुळगुळीत. सराट्याचं पान हरभऱ्या-चिंचेसारखं संयुक्त, पर्णिकांच्या (एका पानातल्या छोट्या पानांच्या) साधारण 4 ते 8 जोड्या, टोकाला एकटी पर्णिका नाही. पानं समोरासमोर येतात, पण जोडीतलं एक मोठं आणि दुसरं चांगलंच लहान असतं. मला ही खूण सगळ्यांत भरवशाची वाटते, कारण फूल नसतानाही ती दिसते. पान उलटं करा, खाली पांढरट रेशमी लव असते.

फूल सकाळीच पाहायला हवं. ते पानाच्या बगलेत एकटं येतं, रुंदी जेमतेम 1 सेंमी आणि पुंकेसर 10. फूल 2 सेंमीहून मोठं असेल तर ट्रिब्युलसचीच दुसरी जात असू शकते.

शंका उरली तर फांदी हळूच उचलून खालचं फळ शोधा. पिकल्यावर त्याच्या 5 कठीण फोडी सुट्या होतात. प्रत्येकीला दोन लांब आणि दोन आखूड काटे असतात, त्यामुळे फोड कशीही पडली तरी एखादा काटा वरच राहतो. पातळ चपलेतून तो सरळ तळव्यात घुसतो, तेव्हा पाय जपा.

खरा गोंधळ नावाचा आहे. 'गोखरू' तिघांना म्हणतात. मोठं गोखरू (पेडॅलियम म्युरेक्स) याचं पान साधं, फूल नळीसारखं, फळ चौकोनी आणि न फुटणारं. पानं पाण्यात ढवळली की पाणी बुळबुळीत होतं. शंकेश्वर (झँथियम) सरळ उभं वाढतं, पानं रुंद आणि खरखरीत, लंबगोल फळावर आकड्यांसारखे काटे. औषधासाठी हवं असेल तर फोटोवरून ठरवू नका, फळासकट फांदी जाणकाराला दाखवा.

फोटो टाकायचे तर तीन पुरेत: सकाळचं फूल, पानांची एक जोडी वरून आणि खालून, आणि फळ पट्टीशेजारी ठेवून.