मुलगी प्रार्थनेला उभी असताना कोसळली, हातपायही झटकले. ही फिट की नुसती भोवळ?

हातपाय झटकले म्हणजे फिटच, असं लगेच ठरवू नका. मेंदूला क्षणभर रक्त कमी पडलं की साध्या भोवळीतही पाच-दहा सेकंद झटके येतात. हे ठाऊक नसल्याने कित्येक मुलांना विनाकारण वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या चालू राहतात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

पडण्याच्या आधी आणि नंतर काय झालं, ते ज्यांनी पाहिलं त्या बाईंना किंवा मैत्रिणींना विचारा. उपाशीपोटी उन्हात उभी होती, डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम फुटला, चेहरा पांढराफटक पडला आणि आडवं केल्यावर मिनिटाभरात "मी कुठे आहे?" विचारून भानावर आली, तर बहुधा भोवळ. फिटमध्ये अंग आधी ताठ होतं, झटके एक-दोन मिनिटं चालतात, जीभ कडेला चावली जाते आणि नंतर बराच वेळ माणूस गोंधळलेला, पेंगुळलेला राहतो. कपड्यात लघवी दोन्हींत होऊ शकते, त्यावरून काही ठरत नाही.

तपासणीत ईसीजी हवाच, शिवाय झोपवून आणि उभं करून बीपी. ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, नॉर्मल आला तरी फिट नाही असं होत नाही. धावताना किंवा पोहताना शुद्ध हरपली, आधी छातीत धडधडलं किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर थांबू नका, हृदयाच्या डॉक्टरांकडे न्या.

पुन्हा झालं तर कुशीवर वळवा, मोबाइलवर व्हिडिओ काढा. कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. झटके पाच मिनिटांवर गेले तर १०८.