सकाळची वीस मिनिटं

प्रश्न : मी डोंबिवलीत राहते, वय ३९, नोकरी फोर्टला. सकाळी ७.४०ची फास्ट पकडावी लागते. घरात नवरा, सासूबाई, दहावीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी. पाणी साडेपाच ते साडेसहा एवढंच येतं, म्हणून सव्वापाचला उठते ती घराबाहेर पडेपर्यंत टेकत नाही. सकाळचा थोडा वेळ फक्त माझा असावा, असं फार वाटतं. त्यासाठी साडेचारला उठून पाहिलं, तर ऑफिसात डुलक्या आणि घरी चिडचिड सुरू झाली. सासूबाई म्हणतात, ब्राह्ममुहूर्तावर उठायचं तर देवाचं काही कर, नुसतं बसायला कशाला उठायचं? नवरा म्हणतो, रविवारी बस की हवं तेवढं. मी उठू किती वाजता? त्या वेळात करू काय? आणि असं मागणं स्वार्थीपणाचं आहे का?

उत्तर : साडेचारचा गजर आजपासून बंद करा. दहावीचा मुलगा घरात असताना साडेअकराच्या आत तुमची पाठ अंथरुणाला लागत नसणार. म्हणजे झोप झाली पाच तासांची. मोठ्या माणसाला निदान सात तास लागतात, आणि स्वप्नांची झोप जास्त असते ती रात्रीच्या शेवटच्या तासांत. तुम्ही नेमकी तीच कापत होतात. मी सांगलीला सरकारी रुग्णालयात परिचारिका होते, नाइट ड्यूट्या उदंड केल्या. झोप मोडलेलं माणूस किती लवकर आपल्याच माणसांवर खेकसायला लागतं, हे जवळून पाहिलंय. झोपेतून काढलेला निवांतपणा संध्याकाळपर्यंत वसूल होतो, आणि तो घरातल्या सगळ्यांकडून वसूल होतो.

मग वेळ आणायचा कुठून? थोडा आदल्या रात्रीतून, आणि बाकीचा नवऱ्याकडून.

रात्रीचं आधी. गवार, घेवडा असल्या निवडत बसायच्या भाज्या संध्याकाळी टीव्हीसमोर सासूबाई आणि मुलगी मिळून निवडू शकतात. कणीक रात्री मळून, वरून तेलाचा हात फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवली की सकाळी पोळ्या चांगल्या होतात; थोडी काळपट दिसली तरी बिघडत नाही. गणवेशाला इस्त्री, दप्तर, पाण्याच्या बाटल्या ज्याच्या त्याने रात्री बघायच्या. दहावीतला मुलगा गणितं सोडवतो, तसा स्वतःची बाटलीही भरू शकतो. आणि तुम्ही साडेदहाला आडवं व्हायचं. त्याच्या अभ्यासासाठी आईने समोर जागत बसलंच पाहिजे, असं काही नाही.

आता नवरा. पत्रात ते कधी उठतात, याचा उल्लेखच नाही, यावरून अंदाज येतो. पाणी भरणं त्यांच्याकडे द्या. साडेपाचला उठायचं, पिण्याचं गाळून भरायचं, बादल्या आणि पिंप भरायचं, नळ बंद करायचा. एवढंच, पण रोज. ‘जरा मदत करा’ असं मोघम सांगू नका, तशी मदत चार दिवस टिकते. काम पूर्णपणे त्यांचं करून टाका. एखाद्या दिवशी पिंप अर्धं राहिलं तर तुम्ही उठून भरू नका. त्या दिवशी सगळ्यांनी जपून वापरावं. रविवारच्या सल्ल्याबद्दल म्हणाल, तर रविवारी घर उठतं उशिरा, पण सगळं एकदम उठतं. शिवाय तहान रोजची आहे.

लोकलमध्ये मिळतोच की वेळ, असंही कुणी म्हणेल. ७.४०च्या फास्टच्या लेडीज डब्यात तिघींच्या बाकाच्या काठावरची चौथी सीट मिळाली तरी नशीब म्हणायचं. तिथे डोळे मिटता येतात, पण खांदे आवळलेलेच राहतात.

सासूबाईंच्या म्हणण्याकडे मात्र नीट बघू या. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटं असतो. तुमच्याकडे जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो, म्हणजे तो मुहूर्त साधारण ५.३५ ते ६.२५ असा येतो. जूनमध्ये सूर्योदय सहाला, तेव्हा तो ४.२५लाच लागतो. म्हणजे हिवाळ्यात ब्राह्ममुहूर्तावर तुम्ही रोज जाग्याच असता, फक्त तो नळाखाली जातो. हे त्यांना सांगा. आणि एक विचारा: तुमची आई जात्यावर दळायची का? दळताना काय म्हणायची?

हे विचारायला मी मुद्दाम सांगतेय. पहाटे दळायला बसलेली बाई ओवीत माहेर आठवायची, भावाची वाट बघायची, सासरचं दुखणं बोलायची, विठ्ठलाला ‘अरे-तुरे’ करायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी आज ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर बायकांच्याच आवाजात ऐकता येतात. दळणाचे कष्ट भयंकर होते, गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायका सुटल्या, आणि ते चांगलंच झालं. पण दिवसात तेवढीच एक वेळ होती, जिथे बाई स्वतःशी मोठ्याने बोलू शकायची आणि कुणी तिला गप्प करत नव्हतं. ती वेळ जात्याबरोबर गेली. सासूबाईंना यातलं थोडं जरी आठवलं, तरी ‘नुसतं बसायला’ हे शब्द त्या पुन्हा वापरणार नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

त्या वेळात करायचं काय? पावणेसहा ते सहा-पाच एवढंच ठेवा, वीस मिनिटं. तास मागाल तर आठवड्यात मोडेल. बाल्कनीत कपडे वाळत असतील तर ते सारून एक खुर्ची टाका, तोंड बाहेर आणि पाठ घराकडे. हे महत्त्वाचं आहे, कारण घर दिसत राहिलं की कामं दिसत राहतात. फोन आतच ठेवा. गजरासाठी साधं घड्याळ आणा, नाहीतर गजर बंद करता करता शाळेचा ग्रुप उघडतोच. सुरुवातीला डोक्यात याद्याच येतील: गॅस नोंदवायचा, मुलीची फी, जिरं संपलंय. हाताशी कागद-पेन्सिल ठेवा, आलं की लिहून टाका. लिहिलं की ते डोक्यातून उतरतं. नंतर चहा प्या, पेरूच्या झाडावरचे बुलबुल बघा, रडू आलं तर रडा. जप करावासा वाटला तर जरूर करा, पण सासूबाईंना दाखवायला नको.

मुलांना एकच नियम सांगा: आई खुर्चीत असेपर्यंत हाक मारायची नाही, कुणाला लागलं किंवा कुणी आजारी असेल तरच.

स्वार्थाचं म्हणाल, तर आमच्या वॉर्डात पुढच्या पाळीची सिस्टर यायची तेव्हा आधी ओव्हर घ्यायची. रात्री कुणाचा ताप चढला, कुणाचं सलाइन संपत आलंय, सगळं ऐकून, वही वाचूनच पहिल्या पेशंटला हात लावायची. त्या दहा मिनिटांत ती काम चुकवतेय, असं कुणी म्हटलं नाही. तुम्हीही रोज पाच माणसांची ड्यूटी घेता, आणि त्या पाचांत एक तुम्ही स्वतः आहात.

प्रश्न : नाशिकला असतो, निवृत्त आहे. गेल्या वर्षी पत्नी गेली. पहाटे चारलाच जाग येते आणि घरातली शांतता खायला उठते. लोक म्हणतात ध्यान करा. जमत नाही.

उत्तर : तर करू नका. तुमच्या घरात शांतता गरजेपेक्षा जास्त आहे, तुम्हाला आधी माणसं हवीत. उजाडलं की बाहेर पडा, गोल्फ क्लब मैदानावर रोज ठरावीक वेळी चालायला जा. तीच तीच माणसं भेटत राहिली की ओळख आपोआप होते. नाश्ता एकट्याने घरी करण्याऐवजी आठवड्यातून काही दिवस तरी कुणाबरोबर करा.

आणि एक गोष्ट परिचारिका म्हणून सांगते. रोज पहाटे फार लवकर जाग येणं, त्या वेळी मन सगळ्यात जड असणं, भूक आणि रस कमी होणं, हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ते केवळ दुःख आहे असं समजून अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा, यावर उपचार आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. पहाटे चारलाही लावता येतो. वहिनींबद्दल बोलायचं असेल तर मलाही पत्र लिहा, सविस्तर लिहा.