वाचक विचारतात: पिकअपचं पुढचं ऑइल सील घरी बदलता येतं का?

प्रश्न: साहेब, माझी डिझेल पिकअप आहे, अडीच लिटरचं इंजिन, कांदा-टोमॅटो घेऊन पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला चालू असते. इंजिनाच्या पुढच्या बाजूने ऑइल गळतंय, रात्री लावली की सकाळी अंगणात थाळीएवढा डाग, खालच्या पुलीभोवती सगळं काळं आणि चिकट. गॅरेजवाला म्हणतो ऑइल सील गेलं, गाडी सोडून जा. सीझनमध्ये गाडी सोडायची कशी? पाने सगळे घरी आहेत, ब्रेक लायनर, फॅन बेल्ट मीच बदलतो. सील घरी बदललं तर जमेल का?
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर: जमेल, पण पुढचंच असेल तर. क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, ऑइल अडवणारी दोन सील असतात, एक पुढे पुलीच्या मागे आणि एक मागे फ्लायव्हीलच्या आत, आणि मागचं असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते अंगणात करायचं काम नाही. पुढच्याला त्या मानाने फारशी उलथापालथ नाही, उभं (गाडीच्या लांबीत बसवलेलं) इंजिन असलेल्या पिकअपला तर बोनेट उघडलं की जागा समोरच. (छोटा हत्तीवाल्यांनी हे वाचून हुरळून जाऊ नका, तुमचं इंजिन सीटखाली आहे, तिथे हात घालायलाच अर्धा दिवस जातो.)

आता नवीन सील आणायला पळायच्या आधी एक काम करा, कारण दहातल्या निम्म्या गाड्यांना सील गेलेलं नसतंच असं माझं मत आहे. ऑइल वरून कुठून तरी येतं, टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग कडक झालेलं असतं किंवा ऑइल प्रेशरचा स्विच पाझरत असतो, आणि ते ओघळत खाली येतं, पुली ते भिरकावते, फॅनचा वारा ते सगळ्या इंजिनावर फासतो आणि मग सगळंच गळतंय असं वाटतं. म्हणून थोडं डिझेल आणि ब्रश घेऊन इंजिनाची पुढची बाजू वरपासून खालपर्यंत धुवा, चिंधीने कोरडी करा, ती पूर्ण वाळली की खालच्या पुलीच्या मागे टाल्कम पावडर शिंपडा, इंजिन गरम होईपर्यंत चालवा, बंद करा आणि टॉर्च घेऊन बघा. हात घालायचा तो इंजिन बंद झाल्यावरच, बेल्टच्या आसपास चालू इंजिनात बोटं नकोत. पावडर पुलीच्या आतल्या बाजूने ओली झाली आणि वरचं सगळं कोरडं असेल तर सील नक्की. वरूनच ओघळ दिसला तर तुमचा खर्च एका पॅकिंगवर भागला.

सीलच आहे असं ठरलं तर मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पहिल्यांदा तीच. मागच्या चाकांना दगड लावा. खाली शिरायचं असेल तर गाडी नुसत्या जॅकवर कधीच नको, घोडी (लोखंडी स्टँड) लावा, आणि विटा म्हणजे घोडी नव्हे. इंजिनचं ऑइल काढायची गरज नसते कारण क्रँकचा मध्य ऑइलच्या लेव्हलच्या वर असतो, फक्त गाडी सपाट ठेवा, तोंड खाली करून ठेवलं तर मात्र तुमच्या हातावर येईल. फॅनचं कव्हर, फॅन आणि बेल्ट काढा, जागा कमी पडली तर रेडिएटर काढावा लागतो आणि मग कूलंट भांड्यात धरा, जनावरं ते चाटतात आणि त्यांना ते विषारी असतं. फॅनचा नट काही गाड्यांना उलट्या आट्याचा असतो, सुटत नाही म्हणून पाइप लावून जोर काढण्याआधी तेवढं बघून घ्या.

खरं अडतं ते पुलीच्या बोल्टपाशी, तो चांगलाच टाइट असतो. गाडी टॉप गिअरमध्ये टाका, एकाने ब्रेक दाबून बसायचं, दुसऱ्याने लांब दांड्याचा सॉकेट पाना लावायचा. काही मिस्तरी पाना अडकवून सेल्फचा झटका देतात आणि बोल्ट सोडवतात, दिसायला भारी वाटतं पण पाना निसटला की रेडिएटर तरी जातो नाहीतर मनगट. ते करू नका. पुली निघत नसेल तर पुलर भाड्याने आणा, मागून स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटली की कडा वाकते आणि नंतर बेल्ट थरथरतो. क्रँकवर पुली अडकवणारी छोटी चावी, म्हणजे लोखंडी तुकडा, असते, ती खाली पडून हरवते, काढून डबीत ठेवा. तुमच्या गाडीला बाहेरून रबरी टायमिंग बेल्ट असेल तर इथेच थांबा आणि गॅरेजला जा, टायमिंग एक दात जरी सरकलं तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टनची गाठ पडू शकते.

जुनं सील काढताना क्रँकला किंवा सीलच्या घराला ओरखडा येता कामा नये, नाहीतर नवीन सीलही गळणारच. मी तरी त्याच्या चेहऱ्यावर टोच्याने बारीक भोक पाडून त्यात छोटा स्क्रू अर्धवट फिरवतो आणि पक्कडीने सरळ ओढतो, सरळ म्हणजे सरळ, एका बाजूला टेकून नाही. काढायच्या आधी ते किती खोल बसलंय ते बघून ठेवा. मग पुलीचा जो गुळगुळीत गळा सीलमध्ये फिरतो त्यावर नख फिरवा. नख अडकलं तर खाच पडलीय, आणि नवीन सील त्याच खाचेत बसवलं तर महिनाभरात परत तेच. थोडी खाच असेल आणि सीलच्या घरात जागा असेल तर नवीन सील एखाद-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवा म्हणजे लिप (सीलची आतली पातळ कडा) कोऱ्या जागेवर चालेल, जास्त असेल तर स्टीलचा पातळ स्लीव्ह मिळतो तो चढवा किंवा पुली बदला. पॉलिश पेपरने घासून खाच जात नाही, उलट आणखी ओरखडे पडतात.

सील आणताना जुनं बरोबर न्या. त्यावर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, समजा ४५-६२-८. पण आकडे जुळले म्हणजे झालं असं नाही, रबर कोणतं ते विचारा. साधं नायट्राइल रबर शंभर डिग्रीच्या पुढे सतत तापलं की कडक होतं, व्हिटॉन त्यापेक्षा बरंच जास्त सहन करतं. थोडे पैसे जास्त जातील ते जाऊ द्या, परत सगळं उघडायचं काम मोठं आहे. काही सीलवर बाण असतो, तो क्रँकच्या फिरण्याच्या दिशेनेच हवा.

बसवताना स्प्रिंगची बाजू आत, म्हणजे ऑइलकडे. रबरी लिपला आतून स्वच्छ इंजिन ऑइल लावा, कोरडं बसवलं तर पहिल्याच मिनिटात लिप जळते. पण सील पांढरट टेफ्लॉनच्या लिपवालं असेल तर उलट, ते कोरडंच बसवायचं आणि काही तास इंजिन फिरवायचं नाही, पाकिटावर लिहिलेलं असतं, वाचा. बाहेरच्या व्यासाएवढा सॉकेट किंवा पाइपचा तुकडा टेकवून हलक्या हाताने चारी बाजूंनी सारखं ठोका, तिरकं गेलं तर ओढून परत सरळ करा. कुणी सांगेल सिलिकॉन फासा, लिपला अजिबात नको. बोल्ट कसताना अंदाज नको, आकडा मॅन्युअलमध्ये असतो, टॉर्क पाना आणून तेवढ्यावरच कसा.

चालू करा, दहा मिनिटं आयडलवर बघा, मग पंधरा-वीस किलोमीटरचा फेरा मारून परत बघा, डिपस्टिक बघून कमी असेल तेवढं ऑइल टाका. भरलेली गाडी मार्केटला न्यायची ती त्यानंतरच.

प्रश्न: डाळिंबाच्या गाडीचं पुढचं सील मी मागेच बदलून घेतलं, कंपनीचंच टाकलं, तरी परत गळतंय. मिस्तरी म्हणतो सीलच खराब लागलं. खरं का?
– एक वाचक, सांगोला

उत्तर: असूही शकतं, पण आधी ब्रीदर बघा. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस खाली चेंबरमध्ये येतोच, त्याला बाहेर पडायला ब्रीदरचा पाइप असतो, तो काळ्या गाळाने चोक झाला की आतलं प्रेशर सगळ्यात कमजोर जागा शोधतं आणि ती बहुतेक वेळा सील असते. इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा. थोडा धूर सगळ्याच डिझेलला असतो, पण भकाभका येत असेल, झाकण नुसतं ठेवलं तरी उडत असेल तर इंजिन बॅक मारतंय, म्हणजे आतलं प्रेशर वाढलंय. ब्रीदरचा पाइप काढून डिझेलने साफ करा, वाकलेला-चेपलेला असेल तर बदला. तरी बॅक कमी होत नसेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, मग कितीही सील बदला, ते टिकत नाही. आणि वर सांगितलेली पुलीवरची खाच तुमच्या मिस्तरीने बघितली होती का, तेही विचारा.

प्रश्न: इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून खाली ऑइल टपकतंय, चढाला क्लच स्लिप होतोय. लीक बंद करणारं बाटलीतलं औषध मिळतं, ते टाकू का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: त्या औषधाने रबर थोडं फुगतं आणि मऊ पडतं, कडक झालेलं सील जेमतेम पाझरत असेल तर काही दिवस बरं वाटेल. फाटलेल्या लिपला किंवा क्रँकवरच्या खाचेला त्याचा उपयोग शून्य. तुमचा क्लच स्लिप होतोय म्हणजे ऑइल प्लेटपर्यंत पोचलंय, आता बाटलीत पैसे घालू नका. आधी टपकणारं बोटावर घेऊन वास बघा. गंधकासारखा उग्र वास आला तर ते गिअर ऑइल, म्हणजे गळती गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलची. काळं आणि जळकट असेल तर इंजिनचं, म्हणजे गळती क्रँकच्या मागच्या सीलची, पण तरी वर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून ओघळ येत नाही ना ते बघून घ्या. दोन्ही सीलला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, तेव्हा एकदाच खाली घ्या आणि क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि ही दोन्ही सीलं त्याच मजुरीत करून घ्या. तोवर भरलेली गाडी घाटात नेऊ नका.