मीही हसलो होतो, मग आता तक्रार कशी करू?

ताई,

वय एकवीस. मूळचा कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर पेठेच्या टीमकडून फुटबॉल खेळत वर आलो. गेल्या वर्षी बाहेरच्या राज्यातल्या एका व्यावसायिक क्लबनं दोन वर्षांचा करार दिला. अजून चौदा महिने बाकी आहेत.

पहिल्या आठवड्यापासून तिघं सिनियर मागे लागलेत. नावानं कुणी हाक मारत नाही, ‘घाटी’ म्हणतात. दंडवहीत रोज माझं नाव. वेळेवर आलो तरी ‘तोंड वाकडं’ म्हणून पाचशे. एकदा सगळ्यांच्या जेवणाचं अठरा हजारांचं बिल माझ्या कार्डवर टाकलं. सरावात बॉल सोडून घोट्यावर मारतात. परवा आंघोळ करताना व्हिडिओ काढून टीमच्या ग्रुपवर टाकला. असिस्टंट कोच तो बघून हसला. मीही हसलो, स्मायली टाकली. मागच्या महिन्यात त्यांच्याबरोबर मीसुद्धा रिझर्व्हच्या सतरा वर्षांच्या पोराकडून पाचशे रुपये घेतले. मग मी कुठल्या तोंडानं तक्रार करू?

शाहू स्टेडियमवर हजारो लोकांच्या शिव्या खाल्ल्यात, कधी काही वाटलं नाही. आता झोप लागत नाही आणि साधा पास चुकतो. बॅग भरून घरी यावंसं वाटतं. वडील म्हणतात, एकाच्या कानाखाली वाजव, सगळे सरळ होतील. काय करू?

– एक डिफेंडर

*

आधी दोन गोष्टी, कारण त्या तू याच आठवड्यात करून बसशील. बॅग भरून निघू नकोस आणि कुणाच्या कानाखाली वाजवू नकोस.

निघून आलास तर कागदावर एवढंच उरेल की खेळाडू सरावाला गैरहजर आहे. आपल्या देशाच्या फुटबॉल फेडरेशनचे नियम फिफा या जागतिक संघटनेच्या साच्यातले आहेत. अठ्ठाविसाव्या वाढदिवसाआधी सही केलेल्या कराराची पहिली तीन वर्षं त्यांत संरक्षित धरली जातात. तुझा दोन वर्षांचा करार त्यात अख्खा बसतो. या काळात योग्य कारण दाखवल्याशिवाय करार मोडला तर क्लबला भरपाई द्यावी लागते, शिवाय चार महिने अधिकृत सामने खेळायची बंदी येऊ शकते. तडाखा दिलास तर ती शिस्तभंगाची पहिली लेखी नोंद तुझ्या नावावर होईल, आणि त्याआधीचं कुठलंच कागदावर नसेल. वडिलांचा राग खरा आहे, पण त्या तिघांच्या सगळ्यात सोयीचा तोच आहे.

आता हसण्याबद्दल. हेल्मेट घालून खेळतात त्या अमेरिकन फुटबॉलमधलं मायामी डॉल्फिन्स या संघाचं प्रकरण बघ. खेळ निराळा, ड्रेसिंग रूम तीच. जोनाथन मार्टिन हा स्टॅनफर्डमध्ये शिकलेला खेळाडू २०१२ साली संघात आला. त्याच्याच फळीतला सिनियर रिची इन्कॉग्निटो आणि आणखी दोघे त्याला वंशावरून, आई-बहिणीवरून घाण बोलायचे. २८ ऑक्टोबर २०१३ ला तो जेवणाचा ट्रे घेऊन टेबलाशी आला आणि सगळे ठरवून उठून गेले. ट्रे तिथेच टाकून तो बाहेर पडला तो थेट इस्पितळात. मग बाहेर आलं की मार्टिन आणि इन्कॉग्निटो एकमेकांचे दोस्तही होते. ढिगानं मेसेज, त्यातले कित्येक अचकट-विचकट, मार्टिनच्या बाजूनंही. ‘बघा, हा तर मजेत होता’ असं म्हणायला सगळ्यांना आयतं निमित्त मिळालं.

लीगनं नेमलेले वकील टेड वेल्स यांचा १४४ पानांचा अहवाल फेब्रुवारी २०१४ मध्ये आला. त्यात ही मैत्री लपवलेली नाही, तरीही निष्कर्ष छळाचाच आहे. रोज ज्याच्या शेजारी बसायचं त्याला खूश ठेवण्यासाठी माणूस हसतो, त्याच्यासारखं बोलायला लागतो. त्यामुळे तुझी स्मायली ही संमती ठरत नाही. ती तक्रारीत तूच लिही, ‘मी त्या वेळी हसलो, कारण…’ असं. तू आधी सांगितलंस तर ती तुझ्या बाजूनं जाते; त्यांनी काढून दाखवली तर तुझ्या विरुद्ध.

त्या प्रकरणात निकाल लागला तो लेखी पुराव्यावर. मार्टिननं आई-वडिलांना त्या-त्या वेळी पाठवलेले हताश मेसेज होते. आणि दंडवही होती! त्यांच्या वहीत चुगली करणाऱ्याला ‘जुडास’ म्हणजे फितूर म्हणून दंड लावायची पद्धत होती. मार्टिन निघून गेल्यावर त्याला मोडल्याबद्दल इन्कॉग्निटोनं स्वतःच्याच नावावर २०० डॉलर लिहून ठेवले. नंतर ती वही नष्ट करायला त्यानं एका सहकाऱ्याला सांगितलं, तरी ती चौकशीकर्त्यांच्या हाती लागली. तेव्हा तुमच्या वहीचे फोटो काढता आले तर काढ.

वही ही गोष्ट मुळात वाईट नाही. उशिरा आला, चुकीचा किट घातला, मीटिंगमध्ये फोन वाजला, अशा दंडाची यादी हंगामाच्या सुरुवातीला भिंतीवर लागते, रक्कम कप्तानालाही तीच असते आणि हंगामाच्या शेवटी त्या पैशांची सगळ्यांची पार्टी होते. ‘तोंड वाकडं’ हे यादीत असूच शकत नाही, कारण ते टाळायचं कसं हे कुणालाच माहीत नाही. शाहू स्टेडियमच्या शिव्यांचंही तेच. ते लोक सामना संपला की घरी जातात. हे तिघं तुझ्या बसमध्ये असतात, शेजारच्या खोलीत असतात आणि मैदानात तुला पास देणारेही तेच असतात. पास चुकतोय तो त्यामुळे. घोट्यावर लाथ येणार हे शरीर धरून चालतं, मग पहिला स्पर्श जड होतो, मान वर होत नाही आणि मोकळा माणूस दिसत असूनही तू बॉल मागे देतोस. त्यात अपुरी झोप. कौशल्य गेलेलं नाही, लक्ष दोन ठिकाणी वाटलं गेलंय.

आजपासून काय करायचं ते नीट वाच. बांधीव वही घे, सुट्या कागदांची नको. प्रसंग घडला त्याच रात्री तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, हजर कोण होतं आणि तू काय केलंस, एवढं पाच-सहा ओळींत लिही. भावना कमी, शब्द जसेच्या तसे, शिवीसुद्धा. त्या पानाचा फोटो काढून स्वतःच्याच ईमेलवर पाठव, म्हणजे तारखेचा शिक्का बसतो. जुने प्रसंग वेगळ्या पानावर, ‘आज आठवून लिहिलेलं’ असं वर नमूद करून. तारखा अंदाजानं ठोकू नकोस; एक खोटी निघाली की बाकी दहा खऱ्याही संशयात जातात.

व्हॉट्सॲपवर ग्रुपचे मेसेज आपोआप गायब होण्याची सोय चालू आहे का, ते आधी पाहा. असेल तर २४ तासांत, सात दिवसांत किंवा ९० दिवसांत सगळं जातं. चॅट एक्स्पोर्ट कर आणि स्क्रीन रेकॉर्डिंगही कर. रेकॉर्डिंगमध्ये पाठवणाऱ्याच्या नावावर टिचकी मारून नंबर दिसू दे, कारण ‘बंटीभाई’ नावानं सेव्ह केलेला माणूस कोण हे स्क्रीनशॉटवरून ठरत नाही. फोन बदलू नकोस, फॉरमॅट करू नकोस. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि ते करताना मूळ फोन हाताशी असलेला बरा. तो व्हिडिओ मात्र कुणालाही, अगदी जिवलग मित्रालाही पुढे पाठवू नकोस. आणि ड्रेसिंग रूममध्ये लपवून कॅमेरा लावायचा विचारही नको. तिथे बाकीचे कपडे बदलत असतात. आरोपी तूच होशील.

घोट्याची नोंद फिजिओकडे झालीच पाहिजे. ‘सरावात लागलं’ एवढंच लिहीत असेल तर ‘बॉल नसताना, मागून’ हे शब्द घालायला सांग. नाही म्हणाला तर २४ तासांत बाहेरच्या डॉक्टरकडे जाऊन कागद घे. फोटो त्या दिवशी एक आणि तिसऱ्या दिवशी एक. काळंनिळं तेव्हाच नीट दिसतं. अठरा हजारांसाठी कार्डाचं स्टेटमेंट पुरेसं आहे.

दोन आठवड्यांची नोंद झाली की तक्रार, आणि ती लेखीच. तोंडी तक्रारीचं काय होतं हे ठरलेलं आहे. कोच सगळ्यांना गोल बसवून ‘हे थांबलं पाहिजे’ म्हणतो, कुणी सांगितलं हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं आणि कागदावर काहीच नसतं. ईमेल तुझ्या खाजगी पत्त्यावरून पाठव, क्लबनं दिलेल्या नको. तो एका रात्रीत बंद होऊ शकतो. टीम मॅनेजर आणि मुख्य कार्यकारी अधिकारी, दोघांना एकदम. असिस्टंट कोचला नको, तो तक्रारीचा भाग आहे. दीड पानाच्या आत, सगळ्यात ठळक पाच प्रसंग. मागण्या नेमक्या ठेव: व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवरून काढणं, दंडाचे आणि बिलाचे पैसे परत, खोलीची व्यवस्था बदलणं, तक्रारीमुळे निवडीवर परिणाम होणार नाही याची लेखी हमी, आणि सात दिवसांत उत्तर. ‘न्याय मिळावा’ असं लिहिलंस तर ‘लक्ष घालतो’ असं उत्तर येईल. भेटीला बोलावलं तर जा, पण त्याच संध्याकाळी ईमेल कर: ‘आज चार वाजता भेटलो, आपण असं म्हणालात.’

याच दिवशी फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडियालाही प्रत पाठव. ही खेळाडूंची संघटना २००६ पासून आहे. इंग्लंडमध्ये क्रॉली टाउनच्या खेळाडूंनी मॅनेजर जॉन येम्स यांच्या वंशभेदी बोलण्याची तक्रार त्यांच्या संघटनेकडेच नेली होती. येम्स यांनी एक आरोप कबूल केला, अकरा सिद्ध झाले. जानेवारी २०२३ मध्ये साधारण सतरा महिन्यांची बंदी आली. ती कमी वाटली म्हणून फुटबॉल असोसिएशननंच अपील केलं आणि ती तीन वर्षांवर गेली. ‘मस्करी होती’ हा बचाव तिथे टिकला नाही. एकट्यानं बोलणं आणि संघटनेच्या लेटरहेडवरून बोलणं यात फार फरक पडतो.

तक्रारीनंतर तुला बाजूला टाकलं जाण्याची शक्यता आहे: वेगळा सराव, सामन्याच्या यादीत नाव नाही, कारण ‘फॉर्म’. हेही नोंदवत राहा. खेळाडूनं स्वतःच करार सोडावा म्हणून क्लब मुद्दाम छळत असेल तर तेच करार मोडायला योग्य कारण ठरतं, ही तरतूद फिफाच्या नियमांत कलम १४ मध्ये २०१८ पासून आहे. दोन महिन्यांचा पगार थकला तर वेगळी वाट आहे: लेखी नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, मग करार रद्द. दहा टक्क्यांहून कमी सामने खेळवले म्हणून बाहेर पडायचं कलमही लोक सुचवतील, पण ते प्रस्थापित खेळाडूंसाठी आहे. एकविसाव्या वर्षी त्यावर भिस्त ठेवू नकोस. नोटीस पाठवायच्या आधी संघटनेच्या वकिलाला दाखव, आणि वाद फेडरेशनच्या प्लेयर्स स्टेटस कमिटीकडे न्यायचा हे लक्षात ठेव.

बहुधा क्लब तुझ्यासमोर दुसराच कागद ठेवेल, ‘आपसात संपवू’. त्या दिवशी सही नको. ‘कोणतंही येणं बाकी नाही’ हे वाक्य त्यात असतंच. तारीखही बघ: खेळाडू-नोंदणीची खिडकी, म्हणजे नव्या क्लबात नाव नोंदवायचा ठरलेला काळ, बंद झाल्यावरच्या तारखेला मुक्त झालास तर साधारणपणे पुढची खिडकी उघडेपर्यंत घरी बसावं लागतं. माझं मत विचारशील तर पुढच्या खिडकीत दुसऱ्या क्लबला लोनवर, म्हणजे करार इथलाच ठेवून ठरावीक काळापुरतं तिकडे खेळायला, जाणं ही तुझ्यासाठी सगळ्यात कमी नुकसानीची वाट आहे. ती मागणी त्याच ईमेलमध्ये घाल.

पोलिसांचा रस्ताही खुला आहे. संमतीशिवाय गुप्तांगाचं चित्रण करणं, पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली गुन्हा आहे; तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते कलम पुरुषांनाही लागू आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा फक्त महिलांसाठी आहे, त्यामुळे तुला त्याचा उपयोग नाही.

आणि हे सगळं करून छान शेवट होतोच असं नाही. मायामीत इन्कॉग्निटो निलंबित झाला, पुन्हा त्या संघाकडून खेळला नाही, २०१४ चा अख्खा हंगाम घरी बसला आणि २०१५ मध्ये दुसऱ्या संघात परतला. फळीचा कोच आणि मुख्य ट्रेनर यांना काढलं. २०१३ च्या त्या हंगामात त्यांच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे ही फळी ज्याला राखते त्या मुख्य पास देणाऱ्याला, ५८ वेळा पाडलं गेलं, संघाच्या इतिहासातला नको तो विक्रम. फळी आधीपासून कच्ची होती, पण या प्रकरणानं ती सावरली नक्कीच नाही. मार्टिन मार्च २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि २०१५ मध्ये पाठीच्या दुखण्यानं खेळणं थांबलं. एका दिवसात काम सोडून इस्पितळ गाठण्याऐवजी चार महिने आधी लेखी बोलता आलं असतं, तर त्याच्या हातात जास्त पर्याय असते. तुझ्या हातात ते आज आहेत.

झोपेसाठी १४४१६ वर फोन कर. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. सहकाऱ्यानं दिलेली झोपेची गोळी घेऊ नकोस. डोपिंगच्या यादीत काय आहे हे त्याला माहीत नसतं आणि चाचणी तुझी होते. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर तो फोन आजच, आणि आईलाही आजच.

राहिला तो सतरा वर्षांचा मुलगा. वेल्स यांच्या अहवालातही मार्टिन एकटा नव्हता. आणखी एक तरुण खेळाडू आणि एक सहायक ट्रेनर त्याच तिघांच्या तावडीत होते. त्या मुलाचे पाचशे रुपये आज परत कर आणि चूक झाली असं त्याला सांग. तो अठराच्या आत आहे, म्हणून क्लबवर त्याची जबाबदारी जास्त आहे; त्याचाही बाथरूममधला व्हिडिओ असेल तर तो पॉक्सोचा, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचा, विषय होतो आणि त्याची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. तक्रारीत त्याचं नाव घालण्याआधी त्याच्याशी आणि त्याच्या घरच्यांशी बोल. ते नको म्हणाले तर पाच प्रसंगांत फक्त तुझेच घाल, आणि तू घेतलेले पाचशेही त्याचं नाव न लिहिता नमूद कर.