फ्लॉवरच्या भाताचा लगदा का होतो?

प्रश्न : ताई, माझ्या मिस्टरांना मधुमेह आहे आणि भाताशिवाय त्यांचं जेवण होत नाही. म्हणून फ्लॉवर मिक्सरमधून काढला, मीठ घातलं आणि झाकण ठेवून दहा मिनिटं शिजवला. नुसता लगदा झाला, वासही घरभर. दोन घास खाऊन त्यांनी ताट सरकवलं आणि तासाभरात भूक लागली म्हणाले. माझं काय चुकतंय?

उत्तर : ताट सरकवलेलं वाचून वाईट वाटलं. सासऱ्यांसाठी मी हा भात करायला लागले तेव्हा पहिले कितीतरी दिवस असंच व्हायचं.

सगळा घोळ पाण्याचा आहे. फ्लॉवरमध्ये शंभरातले ९२ भाग पाणीच असतं. तांदळाला शिजायला पाणी द्यावं लागतं, इथे आहे ते घालवायचं असतं. तुरे मिठाच्या कोमट पाण्यात ठेवून किडे बघायचे ते किसण्याआधीच. मग फडक्यावर पसरून पूर्ण कोरडे होऊ द्या. मिक्सर सलग फिरवला की खाली पीठ होतं आणि वर तुकडे तसेच राहतात, त्यापेक्षा किसणीची मोठी भोकं बरी. देठही किसा, त्याचा दाणा जास्त टिकतो. कीस सुती फडक्यात बांधून पिळून काढा.

पसरट, जाड बुडाची कढई चांगली तापू द्या. चमचाभर तेल, मोठी आच, आणि कीस पातळ थरात मावेल इतकाच. झाकण अजिबात नको. आता कान द्या : कीस पडल्यावर चरचर आवाज आला पाहिजे. तो बसून रटरट सुरू झाली, तर कीस स्वतःच्याच पाण्यात उकडतोय असं समजा. चार-पाच मिनिटांत एखाद-दुसरा दाणा कडेने सोनेरी दिसतो, दाताखाली जरासा करकरीत लागतो. तिथेच गॅस बंद. मीठ त्यानंतर, कारण आधी घातलं की पाणी सुटतं. वास येतो तो गंधकाच्या संयुगांचा. जास्त शिजवलं की ती वाढतात आणि झाकणाखाली कोंडून राहतात.

भूक लागणारच हो. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण १३० कॅलरी आणि २८ ग्रॅम कर्बोदकं असतात. तेवढ्याच फ्लॉवरमध्ये २५ कॅलरी आणि जेमतेम ५ ग्रॅम. म्हणून सोबत डाळ, कडधान्य किंवा अंडं भरपूर असू द्या.

आणि हे मात्र आधी करा. मिस्टर इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर भात एकदम बंद करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. औषध तेवढंच आणि कर्बोदकं अचानक कमी, असं झालं तर साखर फार खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, चक्कर येते.

सासऱ्यांच्या डॉक्टरांनी थोडा भात चालेल म्हटल्यावर आमच्याकडे एक वाटी फ्लॉवर आणि अर्धी वाटी खरा भात असं ठरलं. भात मोकळा करून, गार करून, शेवटच्या मिनिटाला कढईत मिसळते. सुरुवात अशीच करा, त्यांना घासात भात लागू द्या.