सातबारा ऑनलाइन आहे, मग रांग का?

प्रश्न : मी एमएला आहे, प्रोजेक्टला ई-गव्हर्नन्स घेतलंय. सातबारा घरबसल्या मिळतो तरी आमचे काका सेतूतच जातात. लोक अडाणी आहेत असं लिहू का?

उत्तर : अजिबात नको, गाइड पहिल्याच पानावर लाल पेन मारतील! बघ, फ्रेड डेव्हिसने 1989 मध्ये तंत्रज्ञान स्वीकाराचं मॉडेल मांडलं, त्यात दोनच गोष्टी, ही वस्तू कामाची वाटते का आणि वापरायला सोपी वाटते का, आणि त्यातही कामाची वाटणं जास्त जड पडतं. म्हणजे काकांना वेबसाइट अवघड वाटत असेलही, पण खरा सवाल हा की तो कागद बँकेत चालेल का. डिजिटल सहीचा सातबारा कायदेशीर चालतो, पण काउंटरवरच्या माणसाने एकदा जरी 'शिक्का कुठंय' विचारलं की संपलं, पुढच्या वेळी काका सरळ सेतूत. 2005 मध्ये कार्टर आणि बेलांजे या संशोधकांनी अमेरिकेतल्या लोकांना विचारून, सरकारी सेवा ऑनलाइन वापरणं कशावर ठरतं, हेच बघितलं, तिथंही सोपेपणासोबत विश्वास महत्त्वाचा निघाला, इंटरनेटवरचा आणि सरकारवरचा, दोन्ही.

आणि सेतूवाल्याला पन्नास रुपये देऊन काढलेला दाखला पण ऑनलाइनच असतो ना, तो वापर कोणाच्या नावावर धरणार? पोर्टलचा आकडा वाढतो, काका मात्र तिथंच. प्रश्नावलीत 'फॉर्म कोणी भरला' हे आधी विचार.